फुकट तपासणीची किंमत

सरकारी रुग्णालयात एच.आय.व्ही.ची तपासणी फुकट होते, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. समुपदेशन व तपासणी केंद्रे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोहोचली आहेत. गुप्तरोगांवरील औषधे विनामूल्य मिळतात आणि एप्रिल २००४ पासून एच.आय.व्ही.वरील औषधोपचाराचा खर्चही सरकार टप्प्याटप्प्याने उचलू लागले. ज्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु जे फुकट आहे ते प्रत्येकाला मिळतेच, असे मानण्याची एक सोयिस्कर सवय आपल्याला जडली आहे. उरणसारख्या गावातील समलिंगी पुरुषाच्या बाबतीत हे गृहीत कितपत टिकते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

करंज्याच्या होडीवर काम करणारा अथवा न्हावा-शेव्याच्या कंटेनर गोदामात कंत्राटी नोकरी करणारा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणा. तपासणी केंद्रातील नोंदवहीत त्याला नाव, वय, पत्ता सांगावा लागतो. नोंदवही गोपनीय ठेवली जाते हे खरे. पण बाहेरच्या बाकावर बसलेला माणूस गोपनीय राहत नाही. केसपेपर काढणारा गाववाला असतो, आणि शेजारी वहिनीची मावशी रक्तदाबाची गोळी घ्यायला आलेली असते. आत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, “लग्न झालंय का?” दुसरा, “बाहेर कुठं गेला होतात का?” बाईकडे गेलो होतो, असे सांगणे त्याला सोपे जाते. त्या खोट्याला समाजात एक जागा आहे, खऱ्याला नाही. (‘गुप्तरोग’ हा आपला शब्दच पाहा ना! रोग बरा करण्याआधी तो लपवायचा, ही सूचना नावातच आहे.)

या खोट्याचा परिणाम केवळ नैतिक नसतो, तो वैद्यकीय असतो. सरकारी दवाखान्यांत लैंगिक आजारांवरील उपचार बहुतांशी दिसणाऱ्या लक्षणांवरून ठरवले जातात व त्यानुसार औषधांची ठरावीक रंगांची पाकिटे दिली जातात. पण घशातील अथवा गुदद्वारातील परमा पुष्कळदा कोणतेच लक्षण दाखवीत नाही. रुग्णाने सांगितले नाही आणि डॉक्टरने विचारले नाही, तर तो रोग तसाच राहतो व पुढे जातो. समलिंगी पुरुषांत एच.आय.व्ही.चे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या कितीतरी पट अधिक आहे, हे सरकारच सांगते. मग ज्याला तपासणीची सर्वाधिक गरज, त्यालाच खोटे बोलून ती मिळवावी लागावी, हा कुठला न्याय?

मुंबईला का जात नाही, असे कोणी विचारील. जातात ना! मुंबईत हमसफर ट्रस्टसारखी संस्था १९९४ पासून या कामात आहे. मोऱ्याची लाँच भाऊच्या धक्क्याला लागते, तेथून जे. जे. रुग्णालय फार लांब नाही. पण ओहोटी लागली की लाँच खोळंबते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, मात्र त्यावर दुचाकीला बंदी आहे. त्याच महिन्यात उरणपर्यंत लोकल आली, ही मोठीच सोय झाली. तरी रोजंदारीचा दिवस जातो तो जातोच. जिल्हा रुग्णालय अलिबागला. म्हणजे फुकट तपासणीसाठी एक दिवसाची मजुरी, जाण्यायेण्याचे भाडे आणि घरी सांगायची एक थाप, एवढे मूल्य मोजावे लागते.

कायदा या माणसाच्या बाजूला आला, तोही फार उशिरा. २००६ साली दिल्ली उच्च न्यायालयात केंद्र सरकारचा एड्स नियंत्रण विभाग सांगत होता की, कलम ३७७ मुळे हे लोक लपून राहतात व आमचे काम अडते. आणि त्याच सरकारचे गृहखाते ते कलम राखा म्हणत होते! सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून मुक्त केले. त्याच महिन्यात एच.आय.व्ही.विषयक कायदा अमलात आला. संमतीशिवाय तपासणी करू नये, नोकरीची अट म्हणून ती लादू नये, हे त्या कायद्यात स्पष्ट आहे. शंभर वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणेही बंधनकारक आहे. बंदरातील कंत्राटदारांनी असे किती अधिकारी नेमले, हे आपल्या कामगार संघटनांनी कधी विचारले आहे काय?

आपल्यातच एक आक्षेप ऐकू येतो: आधी जमीन, रोजगार, हे प्रश्न नंतर, आणि तेही शहरी लोकांचे. कोकणात जन्मलेल्या र. धों. कर्व्यांना हाच सूर ऐकावा लागला होता. ‘समाजस्वास्थ्या’त वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही, उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ साली त्यांची बाजू लढवायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड झाला. बाबासाहेबांना मात्र तो प्रश्न दुय्यम वाटला नव्हता.

उरणला धैर्य शिकवायची गरज नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी रस्त्यावर उतरलेल्या याच तालुक्याने पाच हुतात्मे दिले. पण तेव्हा शेतकऱ्याच्या मागे अख्खा गाव उभा होता. तपासणी केंद्राच्या बाकावरचा माणूस एकटा बसलेला असतो, आणि ज्या गावाने पाठीशी उभे राहायचे त्याच गावाची त्याला भीती असते.

मागण्या अवघड नाहीत. आठवड्यातून एक दिवस केंद्र सायंकाळी, पाळी सुटल्यावर उघडे राहावे. एच.आय.व्ही., उपदंश व कावीळ ‘ब’ यांची तपासणी एकाच खेपेस व्हावी. समुपदेशकाने लग्नाचा प्रश्न विचारण्याऐवजी पुरुष, स्त्री की दोन्ही, एवढे सहजपणे विचारावे. ट्रकचालकांसाठी वेगळा कार्यक्रम व समलिंगींसाठी वेगळा, अशी सरकारी रकान्यांची पद्धत आहे. कंटेनर चालवणारा माणूस दोन्ही रकान्यांत असू शकतो, हे तिने ध्यानात घ्यावे. पुढच्या खेपेस तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जे शिष्टमंडळ पाणी व डॉक्टरांच्या रिक्त जागांसाठी जाईल, त्याच्या निवेदनात ही चार वाक्ये घालता येतील. आणि १०९७ हा एड्सविषयक माहितीचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक, ज्यावर नाव न सांगता बोलता येते, तो शाखेच्या फळ्यावर आजच लिहिता येईल.