एरर शेवटच्या ओळीत, चूक वरती

लूप म्हणजे तेच काम ठरावीक वेळा, किंवा अट खरी आहे तोवर, पुन्हा पुन्हा करून घेण्याची सोय. सी आणि सी++ मध्ये तो फॉर, व्हाइल आणि डू-व्हाइल असा तीन तऱ्हांनी लिहितात. नवशिक्यांचा वेळ खातात ते अर्धविराम, महिरपी कंस आणि बरोबरचे चिन्ह.

सर्वांत फसवी चूक साताचा पाढा छापताना सापडते. फॉर (आय = 1; आय <= 10; आय++); असे लिहून खालच्या ओळीत 7 * आय छापायला सांगितले, की पडद्यावर एकटा 77 उमटतो. कंसानंतरच्या अर्धविरामाने लूप तिथेच संपतो. दहा फेऱ्या रिकाम्या होतात, आय 11 वर पोचतो आणि मग छापायची ओळ एकदाच चालते. व्याकरण शुद्ध असल्याने एरर येत नाही. आय कंसातच जाहीर केला असेल, तर आजचा कंपायलर अडवतो, कारण लूपबाहेर आय उरतच नाही. टर्बो सी++ 3.0 हा जुना कंपायलर मात्र जुन्या नियमाने चालतो. तिथे आय बाहेरही शिल्लक राहतो आणि 77 निमूट छापला जातो. नवा नियम पक्का करणारे सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण 1998 मध्ये आले, तरी महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये टर्बोची ती निळी खिडकी वर्षानुवर्षे टिकली. जिथे अजून असेल, तिथून ती काढलीच पाहिजे.

डू-व्हाइलमध्ये उलट आहे: शेवटच्या कंसानंतर अर्धविराम लागतोच. फॉरच्या कंसात अर्धविरामांऐवजी स्वल्पविराम दिले, तर कंपायलर थेट कंस बंद होताना तक्रार करतो, कारण सी मध्ये स्वल्पविराम हेही वैध चिन्ह आहे.

महिरपी कंस बंद करायचा राहिला, तर एरर बहुधा प्रोग्रामच्या शेवटच्या ओळीवर दिसतो. विद्यार्थी तीच ओळ खोडत बसतो. चूक मात्र कितीतरी वर, लूपच्या तोंडाशी असते. कंपायलर सांगतो ती ओळ म्हणजे तो अडला ती जागा. शोध तिथून वर घ्यायचा. एका चुकीमुळे पुढे एररची रांग लागते, म्हणून पहिला एरर काढून लगेच पुन्हा कंपाइल करावे. बाकीचे पुष्कळदा आपोआप जातात.

व्हाइल (आय = 10) ही अट नव्हेच; ती आयला 10 देते, 10 शून्य नसल्याने खरे ठरते आणि लूप थांबत नाही. तुलनेसाठी दोन बरोबरची चिन्हे लागतात. पायथनमध्ये कंसांची जागा कोलन आणि समासाने घेतली आहे. 3.10 आवृत्तीपासून कोलन राहिल्याचे तो स्पष्ट सांगतो.

पैनगंगेकाठच्या, तेलंगणाला लागून असलेल्या किनवट तालुक्यात कंपायलरच्या अशा संदेशांचे मोल जास्त आहे. लॅबची वेळ संपवून तांड्यावर किंवा गोंड-कोलामांच्या पाड्यावर परतलेल्या मुलाला एरर दाखवायला घरी सहसा कोणी नसते. व्हॉट्सॲपवर आलेल्या नोट्समधून प्रोग्राम उतरवला, की वर्डने वळवलेली अवतरणचिन्हेही सोबत येतात; जीसीसी हा कंपायलर त्यावर ‘स्ट्रे’ म्हणजे भलतेच अक्षर असल्याचे सांगतो. ओळ दिसायला अगदी बरोबर असते. चिन्हे खोडून कीबोर्डवरून पुन्हा टाइप केली, की काम भागते. संदेश वाचता आला, तर हे एकट्यालाही जमते.

तरीही प्रॅक्टिकलचे गुण जर्नल आणि आउटपुट पाहून दिले, तर पाठ केलेला प्रोग्राम खपतो. किनवट ज्याच्या कक्षेत येते, त्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने किमान एक प्रश्न असा ठेवावा: चुका पेरलेला लूप द्यावा, कंपायलरचा संदेश सोबत छापावा आणि चूक कुठे आहे, ती का आहे, हे विद्यार्थ्याला लिहायला लावावे.