उचललेला सूर आणि न फेडलेले ऋण

जुन्या ध्वनिमुद्रिकेतील चार-दोन सेकंदांचा तुकडा कापून घ्यावयाचा, तो संगणकावर फिरवून फिरवून वाजवावयाचा आणि त्याच्या आधाराने नवे गाणे उभे करावयाचे, ही रीत आता आमच्या नाशकातही चांगलीच रुळली आहे. तरुण संगीतकार या तुकड्यास 'सॅम्पल' म्हणतात. या रीतीकडे पाहून नाके मुरडण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. पूर्वसूरींचे घेऊनच कला वाढत आली आहे. प्रश्न घेण्याचा नाही, न विचारता घेण्याचा आहे.

'पाचसहा सेकंद घेतले तर चालते' असा एक समज सर्रास ऐकू येतो. तो साफ चुकीचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी कोणतीही सूट नाही. शिवाय एका गाण्यावर हक्क एक नसतो, तीन असतात. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची आणि मुद्रण ते करणाऱ्या कंपनीचे. पहिले दोन हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतात; तिसरा ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे.

घरचेच उदाहरण घेऊ. पंडित द. वि. पलुसकर १९२१ साली नाशकात जन्मले आणि १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, गेले. त्यांच्या हयातीत निघालेल्या तबकड्यांचे मुद्रण २०१६ पासून भारतात सर्वांस खुले आहे. पण 'बैजू बावरा' या १९५२ च्या चित्रपटातील त्यांची व उस्ताद अमीर खाँ यांची जुगलबंदी घ्या. मुद्रणाची मुदत संपली. परंतु शकील बदायुनी १९७० साली निवर्तले, म्हणून शब्दांवरील हक्क २०३० अखेरपर्यंत, आणि नौशाद २००६ साली निवर्तले, म्हणून संगीतावरील हक्क २०६६ अखेरपर्यंत जिवंत आहे. 'गाणे जुने, म्हणून मोफत' हा हिशेब किती फसवा आहे, हे यावरून ध्यानात यावे. परदेशांत तर मुदतीही निराळ्या आहेत.

सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत राहील. ज्या कवीने समाजासाठी आयुष्य वेचले, त्याची ओळ मिरवणुकीच्या भिंतीएवढ्या कर्ण्यांतून गर्जावी आणि तिच्यावर त्याचे नावही नसावे, ही कोणती कृतज्ञता? आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क कायद्याने कर्त्यास स्वतंत्रपणे दिला आहे.

आणि आमचा नाशिक ढोल? ठेका लोकांचा आहे. त्यावर कोणाची मालकी नाही. परंतु अमुक पथकाने अमुक दिवशी वाजविलेला ठेका मुद्रित झाला, की त्या मुद्रणास मालक असतो. आणि वादकांसही आपल्या वादनावर ५० वर्षांचा हक्क असतो. हे किती वादकांना ठाऊक आहे? बिदागी घेऊन ते घरी जातात आणि त्यांचा ठोका पुढे कोणाकोणाच्या गाण्यात वाजत राहतो.

असे हक्क कागदावरच राहतात, असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. 'ज्योती' या १९८१ च्या चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गाण्याचा तुकडा २००२ साली एका अमेरिकन गाण्यात आला. संगीतकार बप्पी लाहिरी न्यायालयात गेले आणि त्यांचे नाव छापल्यावाचून ती ध्वनिमुद्रिका विकू नये, असा मनाई हुकूम २००३ साली लॉस एंजेलिस येथे झाला. मुंबईच्या संगीतकाराला तेथे जे मिळाले, ते नाशिकच्या ढोलवादकाला येथे मिळू नये काय?

तरुणांनी तुकडा निवडण्यापूर्वी तबकडीचे वर्ष पाहावे, कवी व संगीतकार शोधावेत आणि गाणे बाहेर पडण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. परवानगी न मिळाल्यास तो तुकडा सोडावा. ठेका आपल्या हाताने वाजवावा. पथकांनी मुद्रणापूर्वी एक पानाचा तरी करार लिहून घ्यावा. १८४० पासून ज्ञानदान करणाऱ्या आमच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थेने जिल्ह्यातील जुन्या ध्वनिमुद्रिकांची वर्षवार, नाववार नोंदवही सिद्ध करावी. मालक कोण हेच न कळल्यामुळे होणाऱ्या चोऱ्या तिने निम्म्या थांबतील.

शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी काढतानाही आपण आधी त्याला हाक मारतो. सुरांच्या विहिरीवर तेवढी रीत पाळणे जड जाऊ नये.