मैत्रीचे ऋण

ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपूरकडे प्रस्थान ठेवते. पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण असे मुक्काम करीत वारकरी सुमारे २५० किलोमीटरांची वाट पायी चालतात. पालखीबरोबरच्या दिंड्यांत केस पिकलेले असे अनेक सोबती दिसतात, की जे तरुणपणापासून दर वर्षी एकमेकांच्या जोडीनेच वारी करीत आलेले असतात. दिवे घाटाच्या चढणीवर एकाने दुसऱ्याचे ओझे आपल्या खांद्यावर घेतलेले असते. कोणी तापाने फणफणलेल्या सोबत्याच्या उशाशी राहुटीत रात्र जागून काढलेली असते. अशा उपकारांची नोंद कोणत्याही वहीत नसते. मग त्यांची परतफेड व्हावी कशी?

‘मित्रामित्रांत आभार कसले?’ असे पुष्कळदा म्हटले जाते. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. उसनी घेतलेली वाटीभर साखर परत केली, की व्यवहार संपतो. मैत्री हा असा व्यवहार नव्हे. मित्राचे ऋण फेडून मोकळे होण्याची घाई करणारा जणू मैत्रीतूनच मोकळा होऊ पाहतो. परंतु ऋण फेडायचे नाही, याचा अर्थ ते विसरायचे, असा नव्हे. अनोळखी माणसाने तांब्याभर पाणी दिले, तर आपण त्याला दुवा देतो. आणि ज्याने जन्मभर आपले रुसवे सोसले, त्याचे मात्र काहीच वाटत नाही! जे नित्य मिळते, त्याचे मोल मन विसरते. मैत्रीला खरे भय भांडणाचे नसून या विस्मरणाचे आहे.

वारकऱ्यांच्या एका साध्या रीतीत या विस्मरणावरचा उपाय सापडतो. भेट होताच वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. तेथे वडील-धाकटा हा भेद नसतो. पन्नास वर्षे बरोबर चाललेला सोबतीही आपल्या सोबत्यापुढे वाकतो. त्या वाकण्याने काही फिटत नाही. पण काही विसरलेही जात नाही.

ज्यांची पालखी घेऊन ही मंडळी चालतात, त्या ज्ञानेश्वरांनाही असाच एक सोबती लाभला होता. त्यांनी आणि नामदेवांनी बरोबरीने तीर्थयात्रा केली. वाटेत दोघांना तहान लागली. विहीर खोल होती आणि जवळ दोर नव्हता. ज्ञानेश्वर योगबळाने तळाशी जाऊन पाणी प्याले. नामदेवांनी विठ्ठलाचा धावा केला आणि विहीरच भरून वाहू लागली, अशी कथा सांगतात. सोबत्याची थोरवी पाहून ज्ञानेश्वरांना हेवा वाटला नाही, आनंदच झाला.

पुढे १२९६ साली ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर नामदेव ५४ वर्षे जगले आणि भ्रमंती करीत पंजाबापर्यंत गेले. सोबती गेला, तरी त्याचे ऋण त्यांनी विसरू दिले नाही. नामदेवांच्या गाथेतील ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या प्रकरणांत ज्ञानेश्वरांचे चरित्र, ती यात्रा आणि तो वियोग अभंगरूपाने आला आहे. ज्ञानेश्वरांच्या जीवनाविषयी आज जे सांगितले जाते, त्यातील पुष्कळसे या अभंगांच्या आधारे सांगितले जाते.

प्रत्येकाला अभंग रचता येतील, असे नाही. परंतु आज वर्गात शेजारी बसणारा, डब्यातला घास वाटून देणारा, चुकलेले गणित न हसता समजावणारा मित्र हाच उद्याचा जन्माचा सोबती असतो. तो बरोबर चालत आहे तोवरच त्याचे मोल ओळखावे आणि त्याच्याशी तसे वागावे. धन्याचे ऋण फेडल्याने मान राहतो. मैत्रीचे ऋण स्मरल्याने मैत्री राहते.