उतारवयातील खाज

उतारवयात तैलग्रंथींचा स्राव घटतो, त्वचेच्या वरच्या थरातील स्निग्धांश कमी होतो आणि तेथे पाणी टिकत नाही. पर्जन्यछायेतल्या सिन्नर तालुक्यात कोरड्या थंडीने त्यात भर पडते. नडग्यांवर भेगांची जाळी उमटते, रात्री खाजवून अंगावर ओरखडे उठतात. बंबाचे कढत पाणी, उग्र साबण आणि दगडाने अंग घासण्याची सवय हे दुखणे वाढवते. उपाय स्वस्त आहे: कोमट पाणी, साबण फक्त काखा, जांघा व पावलांपुरता आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन. पाठीवर हात पोहोचत नाही, म्हणून ही गोष्ट सोबत आलेल्या मुलाला-सुनेलाही सांगावी लागते.

मात्र ‘वयामुळे होते’ हे निदान शेवटी करायचे असते. घरात इतरांनाही खाज असेल तर ती बहुधा खरूज. वृद्धांत ती टाळूवर व कानामागेही असते, त्यामुळे 5 टक्के परमेथ्रिन तेथेही लावावे लागते, आठवड्याने पुन्हा, आणि घरातील सर्वांनी एकाच दिवशी. पुरळाविना खाज असेल तर मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड व लोहाची तपासणी हवी. रक्ताचा कर्करोगही ध्यानात ठेवावा. रुग्णाच्या गोळ्यांची पिशवी उघडून पाहावी. मधुमेहावरील ग्लिप्टिन वर्गाच्या औषधांचा बुलस पेम्फिगॉइडशी संबंध आढळला आहे, आणि या आजारात फोड येण्याआधी कित्येक महिने नुसती खाजच असू शकते.

नागिणीत विषाणूरोधक औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावे. गेरूचा लेप लावण्यात नेमका तोच वेळ जातो. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसल्यास नेत्रतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे.

विडी वळण्यात आयुष्य गेलेल्या स्त्रियांच्या घोट्यांवर मांडी घालून बसल्याने पडलेले काळे घट्टे निरुपद्रवी असतात. कंबरेचे तसे नाही. लुगडे, धोतर किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी आवळल्याने त्वचा काळवंडते, जाड होते, आणि क्वचित तेथे कर्करोग होतो. डॉ. व्ही. आर. खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी 1945 मध्येच ‘धोतराच्या कर्करोगा’ची नोंद केली होती. तरीही कंबरेवरची जखम पाहण्यासाठी वस्त्र सैल करायला सांगण्यात रुग्ण आणि डॉक्टर दोघेही संकोचतात. हा संकोच महागात पडतो.

मेडिकलमधून चिठ्ठीविना मिळणारी स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमे गजकर्ण चिवट करतात आणि आधीच पातळ झालेली त्वचा आणखी विरवतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस मनाई केली. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याने निदानाआधीच स्टेरॉइड लिहिले तर त्या नियमाचा उपयोग नाही. वृद्ध रुग्णाची त्वचा टाळूपासून तळव्यापर्यंत उजेडात पाहावी आणि कंबरेवरील न भरणाऱ्या जखमेची बायोप्सी करावी, मलम त्यानंतरच द्यावे.