एका डॉलरचा विजय

अपयशाची कथा सांगणे सोपे असते, कारण तिचा शेवट आधीच ठाऊक असतो. निवेदक मागे वळून प्रत्येक घटनेत त्या शेवटाचे बीज शोधू लागतो, आणि ते त्याला सापडतेच. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रस्थापित नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) शेजारी नव्या व्यावसायिक लीग उभ्या करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास बहुधा असाच सांगितला जातो. श्रीमंत, उतावळा मालक, डोळे दिपवणारा आरंभ, उधळपट्टी, आणि पतन. वर्गात शोकांतिका शिकवणाऱ्या आम्हांला हा साचा चांगलाच परिचित आहे, म्हणूनच त्याविषयी शंका घ्यावीशी वाटते. या कथेत नायकाची जागा मालक घेतो. किंमत मात्र दुसराच कोणी मोजतो.

१९७४ साली सुरू झालेल्या वर्ल्ड फुटबॉल लीगचे उदाहरण घेऊ. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात बर्मिंगहॅमच्या संघाने फ्लोरिडाच्या संघाला २२–२१ असे हरवले. दोन्ही संघांतील खेळाडूंचे पगार कित्येक आठवडे थकलेले होते. विजेत्यांचा आनंदही पुरता साजरा झाला नाही, कारण सामन्यानंतर धनकोंच्या वतीने त्यांचे गणवेशच जप्त करण्यात आले. पुढच्या वर्षी, दुसरा हंगाम अर्ध्यावर असतानाच लीग बंद पडली. हा प्रसंग विनोदी किस्सा म्हणून आजही सांगितला जातो. पगाराविना खेळलेल्या माणसांच्या बाजूने तो सांगून पाहावा. विनोद फारसा उरत नाही.

१९८३ ते १९८५ या काळात चाललेल्या युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीगची (यूएसएफएल) कल्पना मुळात संयमाची होती. एनएफएलचा हंगाम शरद ऋतूत सुरू होतो. आपण वसंतात खेळावे आणि खेळाडूंवरील खर्चाला मर्यादा घालावी, असा तो विचार होता. मालकांनी तो लवकरच मोडला. लॉस एंजेलिसच्या संघाने १९८४ मध्ये स्टीव्ह यंग या तरुण खेळाडूशी केलेला करार ४ कोटी डॉलरचा म्हणून गाजला. त्यातील बहुतांश रक्कम पुढील अनेक दशकांत द्यायची होती. दुसऱ्याच वर्षी त्या संघाला आपला अखेरचा घरचा सामना एका महाविद्यालयाच्या मैदानावर खेळावा लागला. संघांची संख्या १२ वरून १८ वर गेली आणि पुन्हा १४ वर आली. न्यू जर्सीच्या संघाचे मालक डोनाल्ड ट्रम्प यांच्या आग्रहाने लीगने १९८६ पासून शरद ऋतूत, म्हणजे थेट एनएफएलसमोर उतरण्याचा निर्णय घेतला. त्या ऋतूसाठी एकाही मोठ्या दूरचित्रवाणी वाहिनीने करार केला नाही.

लीग न्यायालयात गेली. जुलै १९८६ मध्ये ज्यूरीने निकाल दिला, की एनएफएलने बेकायदा मक्तेदारी राखली आहे. पण प्रक्षेपणाविषयीचे आरोप ज्यूरीने मान्य केले नाहीत. नुकसानभरपाई ठरली एक डॉलर. कायद्यानुसार ती तिप्पट झाली, पुढे व्याज मिळून ३ डॉलर ७६ सेंटचा धनादेश निघाला. लीगने आपले नुकसान मुख्यतः स्वतःच ओढवून घेतले, हा त्या एका डॉलरचा अर्थ नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच निकालाचे पहिले वाक्य लोकस्मृतीतून पुसले गेले आणि दुसरे तेवढे उरले, हे आम्हांला अधिक बोलके वाटते.

टिकलेल्या लीगचे एक ठळक उदाहरण याच इतिहासात आहे. १९६० साली सुरू झालेल्या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये प्रक्षेपणाचे उत्पन्न सर्व संघांत समान वाटले जाई. १९६५ पासूनच्या पाच हंगामांसाठी एनबीसीने तिच्याशी ३ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. १९६६ मध्ये एनएफएलने विलीनीकरण मान्य केले आणि १९७० मध्ये ते पूर्ण झाले. तिकीटविक्रीच्या बळावर नवी लीग तग धरत नाही. वाहिनीचा दीर्घ करार आणि तो पदरात पडेपर्यंत तोटा सोसण्याची ऐपत, या दोन गोष्टींवर सारे ठरते. २००१ मध्ये कुस्तीच्या मनोरंजन व्यवसायातील व्हिन्स मॅकमहन यांनी एनबीसीलाच भागीदार करून एक्सएफएल काढली. प्रेक्षक वेगाने ओसरले आणि ती एकाच हंगामात संपली.

त्या वेळी एनबीसीच्या बाजूने या उपक्रमात असलेले डिक एबरसोल यांचे पुत्र चार्ली यांनी पुढे त्या लीगवर माहितीपट केला, आणि २०१९ मध्ये स्वतःच अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल उभी केली. आठ आठवड्यांत तीही थांबली. दिवाळखोरीच्या अर्जात देणी होती सुमारे ४ कोटी ८३ लाख डॉलर. रोकड होती ५ लाख ३६ हजारांच्या आसपास. खेळाडूंचे करार तीन वर्षांचे, अडीच लाख डॉलरचे होते, पण त्यांना हमी नव्हती. घरी परतण्याचा खर्चही काहींच्या खिशातून गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या.

आणि तरी या लीगचे काहीच उरले नाही, असे नाही. टचडाउननंतर दोन गुणांसाठी प्रयत्न करण्याची मुभा १९६० च्या लीगची. एनएफएलने ती १९९४ मध्ये स्वीकारली. प्रशिक्षकाने पंचांच्या निर्णयाला आव्हान देऊन चित्रण पुन्हा पाहायला लावावे, ही सोय यूएसएफएलने १९८५ मध्ये वापरली. एनएफएलमध्ये या स्वरूपात ती १९९९ साली आली. महासाथीत पाच आठवड्यांवर थांबलेल्या २०२० च्या एक्सएफएलमधील किकऑफची पद्धत, थोड्या फेरफाराने, एनएफएलने २०२४ मध्ये घेतली. प्रयोग नवख्यांनी करायचे, तोटा त्यांनीच सोसायचा, आणि जे टिकाऊ निघेल ते प्रस्थापिताच्या घरात जायचे, असा हा व्यवहार आहे.

पुनरुज्जीवित एक्सएफएल आणि २०२२ ची नवी यूएसएफएल यांच्या एकत्रीकरणातून २०२४ मध्ये युनायटेड फुटबॉल लीग सुरू झाली; तिच्या मालकांत फॉक्स ही प्रसारण कंपनीच आहे. इतिहासाचा आर्थिक धडा गिरवला गेला, असे म्हणता येईल. नैतिक धडा मात्र शिल्लक आहे. नव्या लीगने पहिला सामना भरवण्यापूर्वी निदान एका हंगामाचे वेतन आणि खेळाडूंच्या परतीचे भाडे त्रयस्थाकडे ठेव म्हणून ठेवलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. या अटीमुळे काही लीग जन्मालाच येणार नाहीत, हा आक्षेप खरा आहे. मात्र मालकाला स्वप्न पाहण्याचा जेवढा हक्क आहे, तेवढाच खेळलेल्या सामन्याची मजुरी मिळण्याचा खेळाडूला आहे; आणि पहिल्याचे भांडवल दुसऱ्याच्या थकलेल्या पगारातून उभे राहता कामा नये.