भाडेकरूंच्या जिवाचे कलम

6 ऑक्टोबर 2023च्या पहाटे गोरेगावच्या एका पुनर्वसन इमारतीत आग लागली ती तळमजल्यावर, वाहने आणि जुन्या कापडांचे गठ्ठे साठवलेल्या जागेत. वरच्या मजल्यांवर झोपलेल्यांपर्यंत धूर पोहोचला आणि किमान सात जणांचा जीव गेला. पुण्या-मुंबईत कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेपुरते भाडे देऊन, राहणाऱ्या मुलामुलींची अवस्था याहून बिकट आहे. एका खोलीत चार-सहा खाटा, एकाच प्लगवर इंडक्शन, गिझर आणि चार्जर, खिडकीला न उघडणारी जाळी, जिन्यात चपलांची कपाटे. ही तक्रार करायची कोणाकडे? तोंड उघडले तर खोली जाईल, ही भीती खरी आहे.

महाराष्ट्राच्या 2006च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. अकरा महिन्यांच्या भाडेकरारात मात्र अनामत असते, रंगरंगोटी असते. आगीचा शब्द क्वचितच. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणे जसे मालकाला चुकत नाही, तसेच हे प्रमाणपत्र करारनोंदणीच्या वेळी जोडणे सरकारने सक्तीचे करावे. जिथे यंत्रणाच नाही, तिथे निदान उघडणारी जाळी आणि मोकळा जिना ही करारातली अट हवी.