वेठ कोणाची?

एस.टी.चा संप झाला की पेपरात मथळा येतो, ‘कर्मचाऱ्यांनी जनतेला वेठीस धरले’. शब्द कसा उलटा फिरला पाहा! वेठ म्हणजे सक्तीचे, बहुधा बिनमोबदला काम. महार वतनात तुटपुंज्या जमिनीपायी वेळी-अवेळी चावडीची हाक यायची; घरचा कर्ता नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविषयी विधेयक मांडले. वतने गेली ती मात्र १९५८ च्या कायद्याने. घटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी आहे.

‘वेठ वारणे’ म्हणजे काम कसेबसे उरकणे. शाळेत हा वाक्प्रचार आळशासाठी शिकवतात. सक्तीने राबणाऱ्याने मन लावून का राबावे? मुलाच्या वहीत तो आला, तर अर्थाशेजारी ‘वतन’ हाही शब्द लिहायला लावा.